सर दोराबजी टाटा ट्रस्ट : देणग्यांचे अग्रक्रम

सर दोराबजी टाटा ट्रस्ट : टाटा घराण्याच्या मोठ्या धर्मादाय ट्रस्टांपैकी एक. स्थापना ११ मार्च १९३२, मुंबई. जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी (१८५९–१९३२) यांनी आपली जवळजवळ सर्व खाजगी मालमत्ता या ट्रस्टाच्या नावे केली. तिची किंमत त्या काळी सुमारे एक कोटी रुपये धरली गेली. टाटा सन्स व इंडियन हॉटेल्सचे शेअर, जमीनजुमला आणि दिवंगत पत्नी मेहरबाई यांचे दागिने तिच्यात होते. सुमारे २४५ कॅरटांचा जुबिली हिराही त्यांतलाच. दांपत्य निपुत्रिक होते. मेहरबाई १८ जून १९३१ रोजी ल्युकेमियाने गेल्या. त्यानंतर वर्षाच्या आतच, ३ जून १९३२ रोजी, दोराबजींचे जर्मनीत बाड किसिंगेन येथे निधन झाले. ट्रस्टाचा पुढचा इतिहास पाहिला, तर त्याच्या उत्तम देणग्यांमागे विषयापेक्षा वेळेची निवड दिसते. ज्या कामाची निकड सरकारला अजून पटलेली नाही, पण जे एकदा उभे राहिले की समाजाला सोडवणार नाही, त्याचा पहिला खर्च उचलायचा आणि ते पायावर उभे राहिले की सार्वजनिक हाती सोपवायचे, हा तो अग्रक्रम. कौटुंबिक ट्रस्टाने पैसा कोठे घालावा, या प्रश्नाला भारतात मिळालेले हे सर्वांत भरीव उत्तर आहे, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे.

या दृष्टीची मुळे घराण्यात आधीपासून होती. जमशेटजींनी १८९२ मध्ये परदेशी उच्चशिक्षणासाठी निधी उभारला आणि तो कर्जाऊ शिष्यवृत्तीच्या रूपाने दिला, म्हणजे परत आलेला पैसा पुढच्या विद्यार्थ्याला मिळावा. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १९०९ मध्ये, प्रत्यक्षात आली. धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांनी नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला दरसाल दहा हजार रुपये दिले आणि गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील लढ्याला एकूण सव्वा लाख. त्यांच्या मृत्युपत्रानुसार १९१९ मध्ये ट्रस्ट स्थापन झाला. समाजाच्या स्थितीचा जाणत्या माणसांकडून अभ्यास करवून घ्यावा, आणि तो ठराविक साच्याने न करता ज्ञानाच्या नव्या प्रकाशात करावा, असे त्या मृत्युपत्रात सांगितले होते. दोराबजींनी मात्र १९३२ च्या वसंतात एकाच वेळी दोन वेगळ्या जातींची दाने केली. मेहरबाईंच्या नावाचा लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट मुख्यतः ल्युकेमियाच्या संशोधनाला वाहिलेला, म्हणजे हेतूने बांधलेला. स्वतःच्या नावाचा ट्रस्ट त्यांनी स्थळ, राष्ट्र आणि धर्म यांचा भेद न मानता खुला ठेवला. दुःखाला एक नेमकी वाट करून दिली आणि बाकीची संपत्ती दुःखाच्या मर्जीवर सोडली नाही, हा विवेक फार मोठा आहे. हेतू बांधून ठेवलेली किती तरी दाने दात्याच्या काळाबरोबर निकामी होतात. हा ट्रस्ट तसा झाला नाही, कारण पुढच्या विश्वस्तांना त्यांच्या काळाचा प्रश्न निवडायची मोकळीक होती.

ही मोकळीक कशी वापरली गेली, ते पहिल्या दीड दशकातच दिसते. समाजकार्य हा शिकण्याचा विषय असू शकतो हेच मान्य नसलेल्या काळात, १९३६ मध्ये, मुंबईच्या नागपाड्यात समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय निघाले. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी त्याचे पहिले संचालक. हीच पुढची ‘टिस’, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. साथीचे रोग आणि बाळंतपणातले मृत्यू यांनी देश ग्रासलेला असताना कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालय ही अनेकांना चैन वाटली असेल. पण तेथील प्रयोगशाळेत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तोंडाच्या कर्करोगाचा इथल्या माणसांच्या पान-तंबाखूच्या सवयींशी असलेला संबंध अभ्यासला, आणि हा रोग आपला आहे, आपल्या हातात आहे, हे दाखवले. १२ मार्च १९४४ रोजी होमी भाभांनी ट्रस्टाला पत्र लिहून मूलभूत भौतिकशास्त्राच्या संस्थेसाठी मदत मागितली. दोन-एक दशकांत अणुशक्तीपासून वीज निघू लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. हिरोशिमाला अजून सव्वा वर्षाहून अधिक अवकाश होता. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये सुरू झाली आणि मुंबई सरकारही आरंभापासून तिच्यात भागीदार होते.

यानंतरची पायरी अधिक अवघड आणि म्हणून अधिक मोलाची. उभारलेल्या संस्थेवर नाव आहे, मान आहे. ती हातात ठेवण्याचा मोह कोणालाही होईल. टाटा हॉस्पिटल मात्र १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. नाव राहिले, मालकी गेली. आज देशभरातून रुग्ण परळला येतात, दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत नातेवाइकांसह महिनोन्‌महिने राहतात आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या रुग्णालयात उपचार घेतात. एवढा भार कोणत्याही घराण्याच्या लाभांशातून कायमचा निघाला नसता. हस्तांतर अर्धे राहिले की काय होते, हेही अलीकडेच दिसले. ‘टिस’मधील शंभराहून अधिक शिक्षक व कर्मचाऱ्यांची पदे टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानावर उभी होती. जून २०२४ च्या अखेरीस त्या सर्वांना कार्यमुक्तीच्या नोटिसा गेल्या आणि अनुदान पुढे चालू राहणार हे कळल्यावर त्या दोन-तीन दिवसांत मागे घेण्यात आल्या. शिकवणाऱ्या माणसाची नोकरी देणगीच्या मुदतीला टांगलेली असणे हे ना संस्थेच्या हिताचे, ना दात्याच्या.

या अग्रक्रमावर पहिला आक्षेप असा, की हा पैसा शहरात, त्यातही मुंबईत, आणि वरच्या दर्जाच्या ज्ञानसंस्थांत गेला. खेड्यातल्या गरिबाच्या वाट्याला काय आले? आक्षेपात तथ्य आहे, आणि ग्रामीण उपजीविका, पाणी, पोषण यांकडे टाटा ट्रस्टांचा ओघ पुढे वळला तो योग्यच झाला. पण संस्था शहरात असली म्हणजे तिचे फळही शहरातच राहते, हे खरे नाही. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय यांनी आंतरराष्ट्रीय सहकार्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी गावोगाव नेली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ गट, तीन तपासणीपद्धती आणि चौथा नेहमीच्या सेवेवर सोडलेला गट. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू नोंदले होते, चौथ्या गटात ६४. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवण्याच्या नैतिकतेवर पुढे कठोर टीका झाली आणि ती वाचायलाच हवी. तरी मराठवाड्यातल्या शेतकरी बायांच्या शरीराबद्दलचे हे ज्ञान जगाच्या कामी आले, आणि ते मिळवणारी संस्था साठ-सत्तर वर्षांपूर्वी एका ट्रस्टाने शहरात पाया घातल्यामुळेच हाताशी होती. प्रत्यक्ष या पाहणीचा खर्च उचलण्यात बिल आणि मेलिंडा गेट्स फाउंडेशन होते. दुसऱ्या घराण्याच्या पैशाला उभे राहायला जागा मिळाली ती अशी.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो : लोकांनी न निवडलेल्या मूठभर विश्वस्तांनी देशाचे अग्रक्रम का ठरवावेत? भाभा हे मेहरबाईंचे भाचे. त्यांचे पत्र वाचले जाणारच होते. नात्यागोत्याबाहेरच्या, नाव नसलेल्या हुशार माणसाला ते दार तितके सहज उघडले असते का? मॅन्शार्ट घराण्याचे कोणी नव्हते, आणि भाभांच्या विश्वकिरणांच्या संशोधनाला बंगळुरात आधी ट्रस्टानेच लहान अनुदान देऊन त्यांचे काम पारखले होते, एवढे उत्तर देता येते. पण शंका त्याने पूर्ण फिटत नाही. ती कमी होते ती हस्तांतराने. संस्था सरकारकडे गेली की तिचा जमाखर्च संसदेपुढे येतो आणि दात्याचा निर्णय लोकांच्या तपासणीखाली येतो. म्हणून सोपवणे ही या अग्रक्रमाची नैतिक अट आहे. ती वगळली तर उरते ते फक्त दात्याचे वजन.

तिसरा आक्षेप पैशाच्या मुळाचा. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भांडवल टाटा ट्रस्टांकडे आहे, त्यात या ट्रस्टाचा वाटा सुमारे २८ टक्के. दान देणारा आणि उद्योगसमूहावर ताबा असणारा एकच असला, तर विश्वस्तांचे लक्ष कोठे असावे यावरून ओढाताण होणे अटळ आहे, आणि गेल्या काही वर्षांत ती जाहीरपणे झालीही. एकाच समूहाच्या लाभांशावर सर्व धर्मादाय उभा असणे धोक्याचेही आहे. दुसरीकडे, शेअर विकले गेले नाहीत म्हणूनच १९३२ चा एक कोटी पुढच्या पिढ्यांच्या कामी येईल इतका वाढला. जुबिली हिरा ट्रस्टाने विकला, शेअर ठेवले. उद्योगाची सत्ता आणि दानाचे निर्णय वेगवेगळ्या माणसांच्या हाती देणे, आणि कोणते अनुदान कोणत्या कसोटीवर दिले व कोणत्या वर्षी थांबणार हे आधीच जाहीर करणे, या दोन सुधारणा मूळ दानपत्राच्या उदार भाषेत कोठेही अडत नाहीत.