शय्याशीतन प्रणाली

शय्याशीतन प्रणाली म्हणजे संपूर्ण खोली थंड न करता केवळ अंथरूण व त्यावर झोपलेली व्यक्ती यांचे तापमान नियंत्रित करणारी यंत्रणा होय. उष्णता वाहून नेणाऱ्या माध्यमानुसार तिचे जलाधारित आणि वायुआधारित असे दोन मुख्य प्रकार पडतात. अमेरिकेतील चिलीपॅड व एट स्लीप ही पहिल्या प्रकारातील, तर बेडजेट हे दुसऱ्या प्रकारातील परिचित उत्पादन आहे.

झोप लागण्याच्या सुमारास हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीरातील उष्णता बाहेर पडू लागते आणि शरीराचे आंतरिक तापमान उतरते. झोपलेली प्रौढ व्यक्ती साधारण ७० ते ८० वॅट इतकी उष्णता सतत बाहेर टाकत असते. गादी व पांघरूण दोन्ही उष्णतारोधक असल्याने ही उष्णता तेथेच साठून राहते.

कार्यपद्धती

जलाधारित प्रणालीत चादरीखाली बारीक नळ्यांचे अस्तर असते. पलंगाशेजारच्या नियंत्रकातील पंप त्यातून पाणी खेळवतो. परतलेले पाणी बहुधा पेल्टिए परिणामावर चालणाऱ्या घटकांनी थंड केले जाते. ही उष्णता नाहीशी होत नाही. नियंत्रकाचा पंखा ती, विजेच्या वापरातून निर्माण झालेल्या उष्णतेसह, खोलीतच सोडतो. लहान व बंद खोलीत हे जाणवू शकते.

वायुआधारित प्रणालीत पंखा खोलीतील हवा लवचीक नळीद्वारे पांघरुणाखाली सोडतो. यांपैकी बहुतेक उपकरणांत शीतन यंत्र नसते. त्यामुळे ती खोलीपेक्षा थंड हवा देऊ शकत नाहीत, ही बाब खरेदीदाराच्या ध्यानात अनेकदा येत नाही. त्यांचा खरा परिणाम घामाच्या बाष्पीभवनातून होतो: तासाभरात ३० ग्रॅम घाम सुकल्यास सरासरी सुमारे २० वॅट उष्णता शरीरावरून निघून जाते.

तुलना

समान आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता धारण करते. ७० वॅट उष्णता वाहून नेताना माध्यमाचे तापमान १° सेल्सियसनेच वाढू द्यायचे असेल, तर मिनिटाला सुमारे १ लिटर पाणी पुरते. हवा मात्र जवळजवळ ३,५०० लिटर लागते.

हाच फरक अंतराळ पोशाखांच्या इतिहासात ठळकपणे दिसला. जेमिनी मोहिमांतील पोशाख वायूच्या प्रवाहाने थंड ठेवले जात. जून १९६६ मध्ये जेमिनी ९ए मोहिमेत यानाबाहेर काम करताना यूजीन सर्नन यांचे शरीर इतके तापले, की घामाच्या बाष्पाने शिरस्त्राणाची काच धुरकट होऊन त्यांना दिसेनासे झाले व काम अर्धवट सोडावे लागले. ब्रिटनमधील फार्नबरो येथे १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात द्रवशीतित पोशाखावर काम झाले होते. पुढे अपोलो मोहिमांत चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांनी पाण्याच्या नळ्या विणलेली अंतर्वस्त्रे वापरली.

अंथरुणाच्या बाबतीत मात्र पाण्याचे श्रेष्ठत्व इतके निर्विवाद नाही. झोपलेल्या व्यक्तीची उष्णता श्रम करणाऱ्याच्या मानाने फारच कमी असते आणि अस्वस्थतेचे कारण अनेकदा तापमानापेक्षा ओलावा हे असते. पाण्याचे अस्तर पाठीकडील बाजू थंड करते, परंतु घाम वाहून नेत नाही. अस्तराचे तापमान हवेच्या दवबिंदूखाली गेल्यास उलट त्यावरच दव जमते. कोकणात पावसाळ्यात दवबिंदू २५° सेल्सियसच्या आसपास असतो. तेथे १८° सेल्सियसचे पाणी खेळवल्यास अंथरूण दमट होण्याचा संभव असतो. अशा हवेत घामही सावकाश सुकत असल्याने वायुआधारित प्रणालीचाही प्रभाव घटतो. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवन जलद होते, तरी खोलीतील हवा त्वचेपेक्षा (सुमारे ३३ ते ३५° सेल्सियस) गरम असेल, तर पांघरुणाखाली सोडलेली हवा शरीराला उष्णताही देऊ लागते.

देखभाल

जलाधारित प्रणालीत शेवाळ व क्षार टाळण्यासाठी सामान्यतः ऊर्ध्वपातित पाणी वापरतात आणि ठरावीक काळाने टाकी स्वच्छ करतात. गळती हा तिचा मुख्य दोष होय. वायुआधारित उपकरणात धूळगाळणी साफ करण्यापलीकडे फारसे काम नसते. मात्र पंख्याचा आवाज अधिक असतो आणि हवा अडवून धरणारे पांघरूण अंगावर असावे लागते. वीज खंडित झाल्यास दोन्ही प्रणाली बंद पडतात.