कोअर खडक सांगतो, भेग नाही

नागपूर हे भूशास्त्रज्ञांचे गाव. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागीय कार्यालय इथे, खनिजांचा शोध घेणाऱ्या एमईसीएल या सरकारी कंपनीचे मुख्यालयही इथेच. जमिनीखाली काय आहे या वादात कोअरचा, म्हणजे बोअरमधून काढलेल्या खडकाच्या नमुन्याचा, शब्द शेवटचा मानण्याची या व्यवसायात रीतच आहे. भूऔष्णिक क्षेत्रांबद्दलही तेच ऐकू येते: खडक हातात घेता येतो, प्रयोगशाळेत धाडता येतो; मग बोअरच्या भिंतीचे चित्रण करण्याची चैन कशाला?

कोळसा-मँगनीजच्या शोधात हे मत बिनतोड आहे. तिथे खडक कोणता आणि किती जाड, एवढाच प्रश्न असतो. उष्ण पाण्याचे तसे नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्याची धग केव्हाच विझली. वज्रेश्वरीचे वा राजापूरचे झरे म्हणजे भेगांतून खोल उतरून तापलेले आणि पुन्हा वर आलेले पावसाचेच पाणी. तेव्हा शोध भेगेचा आहे.

आणि नेमके तिथेच कोअर दगा देतो. खडक पिचलेला असतो तिथे त्याचा भुगा होतो. ट्रेमध्ये त्या जागी लाकडी ठोकळा ठेवून ‘कोअर लॉस’ लिहिले जाते. हाती आलेला तुकडा नळीत फिरलेला असतो, त्यामुळे भेग कोणत्या दिशेला झुकली हे कळत नाही. दिशा राखून कोअर काढता येतो, हे मान्य. पण पिचलेल्या पट्ट्यात ती जुळणीही तुटते.

इथे चित्रण कामी येते. त्यासाठीचा ध्वनी-टेलिव्ह्यूअर बोअरच्या भिंतीवर ध्वनिस्पंद सोडतो आणि परतणाऱ्या स्पंदांचा जोर व वेळ टिपतो. भिंत उलगडून सपाट मांडली की तिरपी भेग लाटेसारखी दिसते. उभ्या बोअरमध्ये लाटेचा तळबिंदू नतीची, म्हणजे भेगेच्या झुकावाची, दिशा दाखवतो. व्यास १० सेंमी आणि लाटेची उंचीही १० सेंमी असेल, तर नती ४५ अंश. शिवाय भिंतीचे समोरासमोर ढासळलेले भाग खडकातल्या किमान आडव्या ताणाची दिशा सांगतात. कोणती भेग उघडी राहील, हे बरेचसे या ताणावर ठरते.

बेसाल्टच्या चुंबकत्वाने उपकरणातला दिशादर्शक चळतो, हा आक्षेप रास्त आहे; त्यावर जायरोस्कोपचा उपाय आहे. उष्णतेने उपकरण निकामी होईल, ही भीती मात्र आपल्याकडे फोल. छत्तीसगडच्या तत्तापानीत मोजलेले तापमान ११० अंशांच्या आसपास, तर तेलविहिरींतली उपकरणे १५० अंश सोसतात.

चित्र खनिज ओळखत नाही, खडकाचे वय सांगत नाही. भेगेतून पाणी खरेच वाहते का, यासाठी तापमानाची नोंदही लागते. म्हणून कोअर हवाच. कोयनेच्या बोअरांनी बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइटी पायाखडक दाखवला, तो कोअरमुळेच. पण भूऔष्णिक बोअरच्या निविदेत चित्रणाची तरतूद पहिल्यापासूनच असली पाहिजे आणि ते केसिंग उतरण्याआधी झाले पाहिजे. एकदा पोलादी नळी बसली की या उपकरणाला खडकाची भिंत दिसत नाही.