दीड ते तीन

मे महिन्यात इथल्या, म्हणजे लंडनमधल्या, नोंदणी कार्यालयाने आम्हाला लग्नाची वेळ कळवली: गुरुवार, २० जून, दुपारी साडेतीन. मी आईला सोलापूरला फोन केला. तिला वाईट वाटेल याची तयारी होती, कारण या लग्नात अंतरपाट नव्हता, मंगलाष्टकं नव्हती, आणि बाबांच्या गुडघ्यामुळे ती दोघं येऊही शकणार नव्हती. आई दोन क्षण गप्प होती. मग म्हणाली, "बरं झालं बाई. गुरुवारी दीड ते तीन राहुकाळ असतो. तुम्हाला नेमकी त्याच्यानंतरची वेळ मिळाली बघ."

त्या अख्ख्या लग्नात आईच्या मनासारखी झालेली ही एकच गोष्ट होती. त्यामुळे त्या रात्री मी जे केलं ते करायला नको होतं. लॅपटॉप उघडला आणि वीसेक ओळींचा कोड लिहिला.

राहुकाळाचा नियम कोड लिहिण्याइतका सोपा आहे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे आठ सारखे भाग करायचे. सोमवारी दुसरा भाग राहूचा, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा, रविवारी आठवा. आमच्या सोलापुरातल्या वाड्यात एक तेलुगू कुटुंब होतं. त्यांच्या मुलीने मला हा क्रम 'मदर सॉ फादर वेअरिंग द टर्बन ऑन संडे' असा पाठ करायला शिकवला होता. राहुकाळ आमच्या घरात आला तोही बहुधा त्यांच्याकडूनच. माझी आजी अमावास्या बघायची, भद्रा बघायची, वैधृती बघायची. राहुकाळ तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. तमिळ, कन्नड, तेलुगू घरांत त्याचा पगडा मोठा. मराठी घरांत तो ठळक झाला भिंतीवरच्या कॅलेंडरांमुळे आणि आता मोबाइलमुळे.

दिवस सहाला उगवून सहाला मावळतो असं धरलं, तर एक भाग दीड तासाचा होतो आणि गुरुवारचा सहावा भाग बरोबर दीड ते तीन येतो. आईचा तक्ता तो हाच. पण २० जूनला लंडनमध्ये सूर्य ४ वाजून ४३ मिनिटांनी उगवतो आणि रात्री ९ वाजून २१ मिनिटांनी मावळतो. दिवस १६ तास ३८ मिनिटांचा, एक भाग दोन तास पाच मिनिटांच्या आसपास. सहावा भाग सुरू होतो दुपारी ३ वाजून ७ मिनिटांनी, संपतो ५ वाजून ११ मिनिटांनी.

म्हणजे आमचं साडेतीनचं लग्न राहुकाळाच्या आत होतं. आणि आई ज्या वेळेला घाबरत होती, त्या दीड ते तीनमध्ये लंडनला राहू नव्हताच.

मग मी सोलापूरचा हिशोब केला. तिथे त्या दिवशी सूर्योदय साधारण ५:५३, सूर्यास्त ७:०३. सहावा भाग दुपारी २:०७ ते ३:४६. म्हणजे आईचा तक्ता तिच्या स्वतःच्या गावातही चुकत होता, तेही अर्ध्या तासाहून जास्त! हे मला लंडनच्या उत्तरापेक्षा जास्त चक्रावणारं वाटलं. परदेशात गडबड होणार हे समजू शकतं. सोलापुरात का व्हावी?

याचं उत्तर पंचांगात नाही, घड्याळात आहे.

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची. चेन्नई त्या रेषेपासून फार दूर नाही. तिथला खरा मध्यान्ह घड्याळात बारानंतर सरासरी नऊच मिनिटांनी होतो. दिवसही तिथे वर्षभर बाराच्या आगेमागेच असतो. त्यामुळे 'सहा ते सहा' धरून केलेला तक्ता चेन्नईत बऱ्यापैकी चालतो. सोलापुरात मध्यान्ह सव्वीस मिनिटं मागे असतो, मुंबईत एकोणचाळीस. जिथे तो जवळपास बरोबर होता तिथून तक्ता आमच्याकडे आला. रेखांश मात्र सोबत आला नाही.

मुंबईचं घड्याळ पूर्वी असं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात प्रत्येक शहर आपापल्या सूर्याप्रमाणे चाले. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. रेल्वे आली तेव्हा इतक्या वेळा सांभाळणं तिला जमेना, आणि तिने मद्रासची वेळ धरली. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईतही मद्रास वेळ लागू करायचा घाट घातला. लोकांनी दाद दिली नाही आणि दोन वर्षांत तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून आजची प्रमाणवेळ आली, तेव्हा मुंबईतल्या घड्याळांचे काटे एकोणचाळीस मिनिटं पुढे करायचे होते. गिरणी कामगारांनी विरोध केला. अंधारात उठून कामावर जायचं कुणी, हा त्यांचा साधा प्रश्न होता. महापालिकेने तर मुंबई वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही.

म्हणजे १९५५ पर्यंत मुंबईत महापालिकेच्या घड्याळाकडे बघून कुणी दीड ते तीन पाळला असता, तर तो निदान वसंत-शरद संपाताच्या सुमारास बरोबर निघाला असता. नंतर घड्याळ सरकलं, तक्ता तिथेच राहिला. परदेश सुरू होतो तो विमानतळावर असं आपण समजतो. या बाबतीत तो १९०६ मध्ये बोरीबंदर स्टेशनातच सुरू झाला होता.

लंडनमध्ये याच्यावर आणखी एक थर आहे. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायची पद्धत ब्रिटनने १९१६ मध्ये युद्धाच्या काळात सुरू केली. जूनमध्ये इथला सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी एक वाजून दोन मिनिटांनी. आईच्या तक्त्याला हे कुठून कळणार?

इथवर आल्यावर माझ्या इंजिनिअर मनाला वाटू लागलं, की जुन्या लोकांनी आपला तक्ता भारतापुरताच केला आणि बाहेरचा विचार केला नाही. ही समजूत चुकीची निघाली, आणि ती चुकीची निघाल्याचा मला फार आनंद झाला.

सिद्धांत-ग्रंथांत मध्यरेषा लंकेपासून उज्जैनमार्गे मेरूपर्यंत जाते. त्या रेषेच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला असलेल्या गावासाठी करायच्या दुरुस्तीला 'देशांतर' म्हणतात. उत्तर-दक्षिण अंतरामुळे सूर्योदय पुढेमागे होतो, त्या दुरुस्तीला 'चर'. एका गावचं गणित दुसऱ्या गावी उचलून न्यायचं नाही, हे तिथे इतकं गृहीत आहे की त्यासाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत.

चर काढायची रीत तर बघण्यासारखी आहे. ज्या दिवशी दिवस-रात्र समान असतात, त्या दिवशी भर दुपारी बारा अंगुळांचा शंकू उन्हात उभा करायचा. त्याची सावली जितकी अंगुळं पडेल ती त्या गावची 'पलभा'. तिला १०, ८ आणि साडेतीनच्या जरा खाली, म्हणजे दहाचा तिसरा हिस्सा, यांनी वेगवेगळं गुणायचं. आलेल्या तीन आकड्यांना 'चरखंडं' म्हणतात. त्यांची बेरीज म्हणजे सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य सहाच्या किती पळं आधी उगवेल ते. एक पळ चोवीस सेकंदांचं. शके १४४२, म्हणजे १५२० मध्ये, कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघव' लिहिला. त्यांनी त्रिकोणमितीची किचकट गणितं टाळून हीच सोपी वाट धरली, आणि पुढे महाराष्ट्रातली पंचांगं तीनशेहून जास्त वर्षं त्या ग्रंथावर होत राहिली.

मी पलभा कोडमध्ये घातली. सोलापूरची पलभा सुमारे ३.८ अंगुळं. उत्तर येतं तेहतीस मिनिटांच्या जवळपास, प्रत्यक्षापेक्षा मिनिटभराचा फरक. मग लंडन: शंकू बारा अंगुळांचा आणि सावली पंधराहून थोडी जास्त. या रीतीने सर्वांत मोठा दिवस १६ तास १८ मिनिटांचा. माझ्या फोनवर १६ तास ३८. पण या वीस मिनिटांतली चौदा मिनिटं गणिताची नाहीतच, ती व्याख्येची आहेत. फोन सूर्याची वरची कड दिसली की उगवला म्हणतो आणि हवेमुळे किरण वाकतात तेही धरतो. जुनं गणित बिंबाचा मध्य क्षितिजावर आला की उगवला म्हणतं. उरली सहा मिनिटं. कधी लंडन न पाहिलेल्या माणसांची एक सावली आणि तीन गुणाकार, आणि चूक सहा मिनिटांची. ऑफिसात आमचा कोड याहून वाईट चुकतो.

ही रीत तुटते ती आणखी वर. माझा एक वर्गमित्र नॉर्वेत ट्रॉम्सोला असतो. तिथे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. पलभेचं गणित तिथे २१ तासांचा दिवस सांगतं, आणि माझा कोड सूर्यास्त सापडत नाही म्हणून एरर देतो. आठ भाग करायचे तर कशाचे? पण भास्कराचार्यांना हे ठाऊक होतं. ज्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे, तेच हे. ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'त ते सांगतात, की ६६ अंशांच्या वर अशा जागा आहेत जिथे काही काळ सूर्य मावळत नाही. त्यांनी ते गणिताने ओळखलं होतं. तिथे लग्न करायला कुणी जाईल असं मात्र त्यांना वाटलं नसावं.

उलट आधुनिक काळात आपणच जागा पुसली. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने राष्ट्रीय पंचांगासाठी एक मध्यवर्ती ठिकाण ठरवलं: रेखांश ८२.५ अंश, अक्षांश उज्जैनचा. हे ठिकाण कुणाचं गाव म्हणून निवडलेलं नाही. देशभरासाठी एक सरकारी पंचांग हवं, तर असं काहीतरी करावंच लागतं, हे मला पटतं. पण आईच्या भिंतीवरचा दीड ते तीन हाही असाच एका कुठेच नसलेल्या गावचा आहे, जिथे रोज सहाला उजाडतं आणि रोज सहाला मावळतं.

राहुकाळावर माझा विश्वास नाही. तरी तो कोड मी पुसला नाही, आणि आईला सांगितलंही नाही. नोंदणी कार्यालयाला फोन करून सकाळची वेळ मिळते का, हे मात्र एकदा विचारलं. मिळत नव्हती.

२० जूनला साडेतीनला मैत्रिणीने फोन आमच्यासमोर धरला. सोलापुरात रात्रीचे आठ वाजले होते. आई पैठणी नेसून सोफ्यावर बसली होती, बाबा शेजारी.

"किती वाजले गं तिथे?"

"साडेतीन."

"राहुकाळ संपला ना?"

तिच्याकडे सूर्य मावळून तास होत आला होता.

"तुझ्याकडचा केव्हाच संपला, आई."

"मग घाला की हार," ती म्हणाली, आणि बाबांना अक्षता उचलायला सांगितलं.