बंदुकीचा धक्का

1871 साली एकोणीस वर्षांचा इंग्रज तरुण फ्रेडरिक सलू दक्षिण आफ्रिकेत उतरला. हत्तींच्या शिकारीसाठी त्याने ठासणीच्या चार-बोअर बंदुका घेतल्या. गोळी सुमारे दहा तोळ्यांची! हत्ती पडले, पण धक्क्याच्या धास्तीने त्याचा नेम बिघडला आणि त्या बंदुकांचा त्याला पुढे पश्चात्ताप झाला. 1898 मध्ये रिग्बींची धूरविरहित दारूची .450 दुनळी रायफल आली. गोळी अडीच-पावणेतीन तोळ्यांवर आली, तरी धक्का उरलाच. तो सोसायला दस्ता खांद्याशी घट्ट हवा, भार पुढच्या पायावर हवा. पण दचकणे कसे ओळखावे? गुरू शिष्याच्या नकळत एक नळी रिकामी ठेवतो. चाप ओढताच रिकामी बंदूकही हलली, तर समजावे, खांद्याआधी मनाला शिकवायचे आहे.