दादाभाई नवरोजी मार्ग
दक्षिण मुंबईच्या फोर्ट भागातील ऐतिहासिक रस्ता. उत्तरेस महात्मा जोतिबा फुले मंडईपासून (जुने क्रॉफर्ड मार्केट) निघून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून तो दक्षिणेस हुतात्मा चौकापर्यंत जातो. जुने नाव हॉर्नबी रोड. विल्यम हॉर्नबी हे १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. पुढे दादाभाई नवरोजी (१८२५–१९१७) यांचे नाव मार्गाला मिळाले. बोलताना लोक त्याला ‘डी. एन. रोड’च म्हणतात.

इतिहास : मुंबईच्या किल्ल्याचे तट गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६०च्या दशकात पाडले गेले. तटाआड दाटलेल्या शहराला मोकळी जागा मिळाली आणि हा रस्ता रुंद करण्यात आला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या बहुतेक इमारती १८८५ ते १९१९ या काळातील आहेत.

वास्तुरचना : नवगॉथिक, इंडो-सारासेनिक, नवअभिजात अशा वेगवेगळ्या शैली येथे शेजारी-शेजारी दिसतात. तरीही मार्गाला एकसंधपणा आला, तो १८९६ च्या नियमामुळे. प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची पडवी ठेवावी, असे त्याने बंधनकारक केले. वरच्या मजल्यांवर मालकाची हौस आणि वास्तुकाराची शैली, खाली मात्र सर्वांसाठी एकच वाट, अशी ही विभागणी आहे. पडवीतून चालताना एका इमारतीच्या टोकदार कमानी संपतात आणि पुढच्या इमारतीच्या अर्धगोल कमानी सुरू होतात. डोक्यावरचे छत मात्र बऱ्याच अंतरापर्यंत सुटत नाही. मुंबईच्या उन्हात आणि पावसात त्याचा उपयोग वेगळा सांगावा लागत नाही.

प्रमुख वास्तू : उत्तर टोकाची मंडई विल्यम इमर्सन यांच्या आराखड्यानुसार १८६९ मध्ये पूर्ण झाली, तिच्या प्रवेशद्वारावरील उठावशिल्पे लॉकवुड किपलिंग यांची आहेत. सर जे. जे. कला विद्यालय आणि अंजुमन-ए-इस्लामची १८९३ ची इमारत याच टापूत आहेत. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आखलेल्या रेल्वे टर्मिनसचे काम १८७८ मध्ये सुरू होऊन १८८८ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या फाटकावरील खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ बसलेला आहे. मधल्या घुमटावर ‘प्रगती’चा पुतळा आहे. समोरची महापालिकेची इमारत (१८९३) स्टीव्हन्स यांचीच. दक्षिणेकडे जाताना आसिरियन धाटणीची वाच्छा अग्यारी (१८८१) आणि जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट (१८९८) लागतात. शेवटी १८६४ चे फ्लोरा फाउंटन हे कारंजे असून त्याच्याजवळ दादाभाईंचा पुतळा आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारकही याच चौकात आहे.

जतन : विसाव्या शतकाच्या अखेरीस दुकानांच्या अवाढव्य पाट्यांनी कमानी झाकून टाकल्या होत्या. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली. त्यानंतर वास्तुकार आभा नारायण लांबा यांच्या प्रकल्पात पाट्यांचा आकार आणि जागा कमानींच्या मापात बसवण्यावर भर देण्यात आला. युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत २००४ मध्ये या कामाची सन्माननीय नोंद झाली. टर्मिनसचा जागतिक वारसा यादीत समावेशही त्याच वर्षी झाला.