अभिजात नाटकांचे प्रयोगाधिष्ठित अध्यापन

अभिजात नाटकांचे प्रयोगाधिष्ठित अध्यापन ही साहित्याच्या विद्यार्थ्यांना जुनी नाटके शिकवण्याची एक पद्धत आहे. तीत केवळ अर्थ सांगण्याऐवजी संहितेतील प्रवेश मोठ्याने वाचले जातात, उभे केले जातात आणि पात्रांच्या निर्णयांची चर्चा केली जाते. नाटकाची संहिता प्रयोगासाठी लिहिलेली असल्याने आवाज, विराम व हालचाल यांवाचून तिचे आकलन अपुरे राहते, ही या पद्धतीमागील भूमिका होय.

इतिहास

केंब्रिज येथील पर्स शाळेतील शिक्षक हेन्री कॉल्डवेल कुक यांनी 'द प्ले वे' (१९१७) या ग्रंथात कृतीतून भाषा व साहित्य शिकवण्याचा विचार मांडला. त्यांचे विद्यार्थी शेक्सपिअरची नाटके वर्गातच सादर करीत. १९८६ मध्ये रेक्स गिब्सन यांनी केंब्रिज येथे 'शेक्सपिअर अँड स्कूल्स' हा प्रकल्प सुरू केला. रॉयल शेक्सपिअर कंपनीने २००८ मध्ये तीन तत्त्वांचा पुरस्कार केला: नाटक उभे राहून करावे, प्रत्यक्ष प्रयोग पाहावा आणि ही ओळख लहान वयातच व्हावी.

प्रमुख पद्धती

नकलांवरून वाचन: शेक्सपिअरच्या काळी नटाला संपूर्ण संहिता न देता त्याचे संवाद आणि त्याआधी येणारे समोरच्या पात्राचे अखेरचे काही शब्द एवढेच लिहून मिळत. मराठी रंगभूमीवर नटाच्या भूमिकेच्या अशा प्रतीला 'नक्कल' म्हणतात. वर्गात नकला वाटल्यास प्रत्येकाला समोरच्याचे बोलणे लक्षपूर्वक ऐकावे लागते.

एका वाक्याचे अनेक उच्चार: 'मॅकबेथ' नाटकात बेत फसला तर काय, या मॅकबेथच्या शंकेला लेडी मॅकबेथ अवघ्या दोन शब्दांत उत्तर देते. अभिनेत्री सारा सिडन्स यांनी ते उत्तर तिरस्कारयुक्त प्रश्न, संतप्त आश्चर्य आणि शांत निश्चय अशा तीन प्रकारे उच्चारल्याची नोंद आहे. विद्यार्थी हे उच्चार करून पाहतात आणि प्रत्येक वेळी पात्राचा स्वभाव कसा बदलतो, हे तपासतात.

पात्राची मुलाखत: एक विद्यार्थी पात्राच्या भूमिकेत बसतो व इतर त्याला प्रश्न विचारतात. उत्तराला संहितेचा आधार असावा लागतो.

रूपांतरांची तुलना: 'हॅम्लेट' व गोपाळ गणेश आगरकरांचे 'विकारविलसित' (१८८३), किंवा 'ऑथेल्लो' व गोविंद बल्लाळ देवलांचे 'झुंझारराव' यांतील समान प्रवेश शेजारी ठेवून वाचले जातात. रूपांतरकाराने काय राखले आणि काय बदलले, यावरून दोन्ही समाजांच्या धारणा स्पष्ट होतात.

मराठी नाटकांतील उपयोग

देवलांच्या 'संगीत शारदा' (१८९९) या जरठ-कुमारी विवाहावरील नाटकातील कांचनभट, भुजंगनाथ व भद्रेश्वर दीक्षित यांच्यावर वर्गात खटला चालवता येतो. बालविवाह प्रतिबंधक कायदा नाटकानंतर ३० वर्षांनी, १९२९ मध्ये झाला. त्यामुळे दोष रूढीचा की व्यक्तीच्या लोभाचा, हे विद्यार्थ्यांना संहितेतूनच ठरवावे लागते. भुजंगनाथाला हसणारा वर्ग शारदेची बाजू मांडताना बहुधा गंभीर होतो.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवध' (१९०७) या नाटकातील कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झन यांना पाहिले आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. नाटकाचे कथानक महाभारतातील असूनही कोणती वाक्ये आक्षेपार्ह ठरली असतील, हे परीक्षकाच्या भूमिकेतून शोधताना रूपकाचे कार्य समजते.

मर्यादा

या पद्धतीला वेळ अधिक लागतो आणि लेखी परीक्षेत वाचिक आकलनाला क्वचितच स्थान असते. धीट विद्यार्थ्यांकडेच भूमिका जाण्याचा धोका असतो. त्यासाठी दिग्दर्शन, नकला तयार करणे व निरीक्षण अशी कामेही वाटली जातात. करमणुकीच्या ओघात मूळ शब्द मागे पडतात, हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. म्हणून प्रत्येक कृतीनंतर संहितेकडे परतून आपला अर्थ कोणत्या शब्दांवर आधारलेला आहे, हे दाखवणे आवश्यक ठरते. ही पायरी वगळल्यास प्रवेश रंगतो, पण नाटकाचा अभ्यास होत नाही.