घूं आवाजाची जुनी गोष्ट

नांदेड-लातूरकडे गणपतीच्या मंडपात ध्वनिवर्धकातून अखंड घूं असा आवाज येऊ लागला की दोष मिक्सरला दिला जातो. हा त्रास मात्र मिक्सरपेक्षा बराच जुना आहे. सुरुवातीच्या टेलिफोनला एकच तार असे. विद्युतप्रवाहाची परतीची वाट जमिनीतून. पुढे विजेच्या ट्रॅम आल्या, त्यांचे प्रवाहही जमिनीत शिरले आणि टेलिफोन गुणगुणू लागले. (मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली आली.) ग्रॅहॅम बेलने १८८१ मध्येच पीळ घातलेल्या दोन तारांचे पेटंट घेतले होते. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांना सारखाच होतो. यंत्र फक्त त्यांतला फरक घेते, म्हणून उपद्रव वजा होतो. माइकची तीन पिनांची केबल हीच युक्ती वापरते.

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून हा आवाज ५० किंवा १०० हर्ट्झचा. मिक्सर मंडपातल्या बोर्डावर आणि अ‍ॅम्प्लिफायर शेजारच्या घरातून ओढलेल्या वायरवर असेल, तर दोन अर्थिंगच्या विद्युतपातळीत फरक पडतो व केबलच्या जाळीतून प्रवाह वाहतो. दोन्ही एकाच बोर्डावर लावून पाहावेत. काहीजण प्लगची अर्थिंगची पिनच काढतात. आवाज थांबतो खरा, पण उद्या आत बिघाड झाला तर यंत्राच्या पत्र्यात उतरलेली वीज माइक धरणाऱ्याच्या अंगातून जमिनीत जाते.